ओ देणारी तार

देशपांडेकाकांच्या भिंतीवर गिटारची तान्ही पोरं वाटावीत असे युकुलेले टांगलेत. आम्ही बोलत असताना त्यातला एक आपोआप गुणगुणला. मी दचकलो.

"घाबरू नकोस. आवाज तारेच्या सुराशी जुळला की ती ओ देते," काका म्हणाले. "हा तुझ्या काकूचा. यावरच मुलांना शिकवायची. पूर्वी तिच्या आवाजाला ओ द्यायचा. ती गेल्यापासून मी खुंट्या पिळल्याच नाहीत. तारा उतरत उतरत आता माझ्या आवाजापर्यंत आल्यात."

माणूस गेल्यावर घरही असंच उतरत असेल, मागे उरलेल्याच्या पट्टीपर्यंत.

मी निघालो तेव्हा काका भिंतीकडे वळून म्हणाले, "याला खाली सोडून येतो गं."

भिंतीवरून बारीक हुंकार आला.

जिन्यात काका थांबले. "तारा अजून उतरतील रे," ते म्हणाले. "माझा आवाज किती खाली जाणार?"