मागं कोण बसणार हाय?

माणिकअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ठाणाकुशनूरला एका शेतकऱ्याच्या बांधावर ठिबकच्या नळ्या उतरवून देत होतो. सुलोचनावहिनींचा आवाज विलक्षण शांत होता. "भावजी, तुमचे अण्णा गेले. सावकाश या, गाडी पळवू नका," एवढंच त्या म्हणाल्या. बसवकल्याणपर्यंत गाडी मी खरंच पळवली नाही... त्याला आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पार पडला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी आता कुठं लिहायला बसलोय.

अण्णा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आम्ही दोघंही निर्णा गावचे. तरुणपणी तो पुण्याला गेला आणि शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका गॅरेजात बरीच वर्षं राबला. परत आला तो बसवकल्याणला हुमनाबाद रोडवर पत्र्याची शेड टाकून बसला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पान्यांची फळी, आणि कोपऱ्यात जुन्या स्प्रिंगांचा ढीग. लोक आणायचे पाटे तुटलेल्या जीपा आणि टेम्पो. अण्णाचा जीव मात्र धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये. इंजिनाचं कौतुक कुणी सुरू केलं की हा जांभई द्यायचा.

गाडी दारात आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "मागं कोण बसणार हाय?" गिऱ्हाईक गोंधळायचं. एका गुरुजींनी तर ठासून सांगितलं होतं, मागं कुणीच बसत नाही, मला गाडी कडकच पाहिजे. अण्णानं मागचं दार उघडलं, सीटखालून लहान मुलीची एक चप्पल काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मग ही कुणाची, सर?" गुरुजी हसले आणि खाली बसून चहा प्याले. त्यानंतर अण्णा स्वतः मागच्या सीटवर बसायचा, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, आणि मालकाला म्हणायचा, चला, एक चक्कर मारू. चक्कर झाली की खाली उतरून शॉकअपला हात घालायचा. हे सगळं न करता त्यानं एकाही गाडीचं काम केल्याचं मला आठवत नाही.

माझी गाडी आली तेव्हा मी तिशीत होतो आणि अंगात मस्ती होती. कामानिमित्त औराद, हुमनाबाद, कलबुर्गी अशी रोजची भटकंती. मला गाडी खाली बसवलेली हवी होती, वळणावर रस्त्याला चिकटून पळणारी. अण्णा म्हणाला, "खाली बसवायची न्हाई. आपल्याकडच्या गतिरोधकावर पोट घासंल तिचं. फिरकीचे शॉकअप बसवू. मग कर कडक तुला पायजे तेवढी." शॉकअपवर एक छोटी फिरकी असते, ती फिरवताना खट खट असा आवाज होतो. असे वीस खट. शून्यावर गाडी गादीसारखी मऊ, विसावर लाकडी फळीसारखी. योग्य जागा सापडली की अण्णा कानडीत "साकु" म्हणायचा, म्हणजे पुरे. माझी गाडी मी सोळावर ठेवली. निर्ण्याच्या वळणावर ती अशी काही वळायची की मी एकटाच मोठ्यानं हसायचो. अण्णा कुरकुरला नाही. "एकटाच हिंडायलास तवर ठीक हाय," म्हणाला.

मग अण्णाच्या पोटात गाठ निघाली. दर तीन आठवड्यांनी किमोसाठी सोलापूरला न्यायचं ठरलं, आणि न्यायचं मीच, यात कुणाला विचारायचीही गरज नव्हती. पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी मी त्याच्या शेडसमोर गाडी लावली, चाकाशी गुडघे टेकले आणि चारही फिरक्या शून्यावर आणल्या. त्याला एक धक्का बसू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. अण्णा खुर्चीत बसून बघत होता. मला वाटलं, आपण शिकलो याचा त्याला आनंद झाला असेल.

त्या खेपेला उमरग्याच्या आधीच त्याला उलटी झाली. दुसऱ्या खेपेलाही, तिसऱ्यालाही. वहिनी मांडीवर डबा घेऊनच बसायच्या. किमोनं असं होतंच, सगळे म्हणाले, मीही म्हणालो. उलट्या जाताना होत होत्या, औषध तर अजून अंगात जायचं होतं... हे माझ्या टाळक्यात शिरू नये? ज्याला आयुष्यभर मागच्या सीटवर डोळे मिटून गाडी ऐकताना पाहिलं, त्याला मी एकदाही विचारलं नाही, अण्णा, तुला मागं कसं वाटतंय?

चौथ्या खेपेला त्यानं उमरग्यापाशी गाडी थांबवायला लावली. चेहरा पांढराफटक पडला होता. वहिनींनी डबा पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला.

"सिद्धू, गाडी लई हेलकावे खायलीय रे. जरा कडक कर."

मी चमकलो. "अण्णा, धक्के बसतील तुला."

"धक्का बसतो न् जातो. हे झुलणं जात न्हाई. पोटात ढवळायलंय."

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तू माझ्यासाठी गुडघे टेकून बसला हुतास... कसं सांगू?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. रस्त्याच्या कडेला चाकाशी बसलो. तो मागच्या सीटवरून, उघड्या दारातून सांगत होता. थोडी फिरव, चक्कर मार, परत थांब. सातावर, नवावर. वहिनी चिडल्या, "दवाखान्याला उशीर व्हायलाय, आन् ह्यांचं गॅरेज सुरू झालंय!" अकराव्या खटला, थोडं पुढं जाऊन, त्यानं डोळे मिटले. "साकु." पुढं सोलापूर येईपर्यंत तो झोपला. चार खेपांत पहिल्यांदाच. आरशात मला त्याचं डोकं दिसत होतं. खड्ड्यात एकदाच हलायचं आणि पुन्हा स्थिर व्हायचं. त्यानंतर आणखी दोनच खेपा झाल्या, त्या दोन्ही त्यानं झोपेत काढल्या. पण पहिल्या तीन खेपा मला परत घेता येत नाहीत.

मागच्या आठवड्यात एकट्यानंच औरादला निघालो होतो. म्हटलं, आता गाडी पुन्हा आपल्या सोळावर नेऊ. शेडला कुलूप होतं. तिथंच गाडी लावली, चाकाशी गुडघे टेकले, फिरकीवर बोटं ठेवली आणि सवयीनं अण्णाच्या प्रश्नाची वाट पाहिली. मागं कोण बसणार हाय?

कुणी न्हाई, अण्णा... आता कुणीच न्हाई.

हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण समोरचा टपरीवाला वळून बघायला लागला. गुडघे झाडून उठलो, गाडी सुरू केली आणि निघालो. फिरकी अजून अकरावरच आहे. निर्ण्याच्या वळणावर गाडी जरा कलते आता, आणि मीही तिथं वेग कमी करतो, मागं कुणी झोपलं असावं तसा.