तीन तासांवरची दुबई

आमच्या चिंचणीत समुद्रातलं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही, तासांत सांगतात. आमची जाळी पाच तासांवर, त्यापुढची जागा आठ तासांवर. बाबांची सगळी हयात बोटीवर गेलेली. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला दुबईत नोकरी लागली, तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "किती तास?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं, "मुंबईहून विमानानं तीन." मी किलोमीटरही सांगत होते, एकोणीसशेच्या आसपास, पण ते ऐकतंय कोण!

"तीनच? मग दुबई आपल्या जाळ्यांपेक्षा जवळ!" बाबांचा जीव भांड्यात पडला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनाही ते सांगून आले. विमान केवढ्या वेगानं जातं ते मी समजावलं, तर म्हणाले, "वेग असेल त्याचा. तास तर तीनच ना?" मी हसून सोडून दिलं.

मागच्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. डहाणूच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ मला कळला. भावानं नुकतीच नोकरी बदललेली, नव्या व्हिसापायी पासपोर्ट अडकलेला. तो फोनवर लहान मुलासारखा रडायचा. मी बाबांना व्हिसा म्हणजे काय ते कधी शांतपणे, कधी चिडून सांगत राहिले. ते ऐकून घेत आणि भिंतीकडे तोंड फिरवत.

एका दुपारी मी पेज भरवत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"बाय, तीन तासांवरचा माणूस येत नाही, म्हणजे त्याला यायचं नाही. बोटीवर त्याच्या हातून नांगर सुटून समुद्रात हरवला, तेव्हा खलाशांसमोर मी त्याच्या थोबाडीत मारलेली. ते मनात धरलंय त्यानं."

त्या थोबाडीची तर भाऊ नक्कल करून आम्हाला हसवायचा! मी तसं सांगितलं, पण बाबांना ते पटेना. त्या विमानांचा मला असा संताप आला, की एवढ्या लवकर पोहोचायचंच कशाला त्यांनी?

मी भावाला फोन लावला आणि बाबांच्या तोंडाशी धरला. तो कामावर होता, उचलला नाही. पलीकडे नुसती रिंग वाजत होती. बाबांनी तिच्यापुढेच हात जोडले.

"माफ कर, पोरा."

त्यानंतर ते कुणाला ओळखेनात. दोन दिवसांत गेले.

भाऊ दिवसकार्य उरकल्यावर पोहोचला. बॅग दारातच टाकून बाबांच्या खाटेवर बसला. त्यानं विचारलं, "ताई, मला का येता आलं नाही, ते कळलं होतं ना गं त्यांना?"

"हो रे," मी म्हणाले. "सगळं कळलं होतं."