टॅबलेटला बोट नोका लावू

गेलेल्या माणसांचे फोटो मी मोठे करून देतो. घरात बहुतेक एखादाच बारका फोटो असतो, आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या गर्दीतला. तो साफ करायचा, मागे निळा पडदा टाकायचा आणि तेरवीच्या आधी फ्रेम पोचवायची. या धंद्यापायी लॅपटॉप पाठीवर बांधून घाटंजी-मारेगावकडची खेडी मी पालथी घातली.

मग त्या लॅपटॉपची बॅटरी बसली. ज्या गावात जावं तिथे नेमकी लाइन गेलेली. बायकोनं टुमणं लावलं, कायले ते धोंडं वाहून राह्यले, टॅबलेट घ्या. घेतला बापा! आणि डोक्याला कायमचा ताप करून घेतला.

लॅपटॉपला लोक वचकून असायचे. कॉम्प्युटरवाले भाऊ आले म्हणून हातभर लांब बसायचे. टॅबलेट म्हणजे त्यांच्या लेखी मोठा मोबाइल, आणि मोबाइल काय, सगळ्यांनाच येतो. जावई येतो, चिमटीनं मयताचं नाक मोठं करून बघतो. काका कोट घालायला लावतो, साळा म्हणतो कोट काढा, फेटा बांधा. त्यात काचेवर धूळ, बोटाला घाम, आणि जरा कुणाशी बोलत बसलं की हा शहाणा आपोआप विझून काळा पडतो. ते कुठून बदलायचं, मला अजून सापडलेलं नाही.

मागच्या महिन्यात घाटंजीकडच्या एका घरी गेलो. तिथला थोरला मुलगा तापानं गेला होता. फोटो एकच, लायसन्सवरचा, धुरकट. टॅबलेटमध्ये एक बटण दाबलं की चेहरा आपोआप गुळगुळीत होतो. केला. सगळे म्हणाले, झकास. त्याची म्हातारी आई माझ्या शेजारीच बाजेवर होती. तिनं पाहिलं नि विचारलं, हा कोण होय? मला वाटलं, मोतीबिंदू असेल बिचारीला.

मग तिनं फोटोच्या हनुवटीवर बोट ओढलं. टॅबलेटमधला रंगाचा ब्रश चालूच होता, बोटाखाली काळी रेघ उमटली. मी पुसली. तिनं पुन्हा ओढली, मी पुन्हा पुसली. तिसऱ्या वेळी माझं टाळकं फिरलं.

“माय, बोट नोका लावू जी. फोटो खराब होते.”

“खराब तर तूच केला, बापू,” ती म्हणाली. “इथं वण होता त्याले. रांगत चुलीवर गेलता. हा माहा पोरगा नाही.”

मी मूळचा फोटो मोठा करून पाहिला. धुरकट ठिपक्यांशिवाय तिथे काही दिसेना. आता काय करता? टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, तुम्हीच काढा. तिनं हळूच एक वाकडी रेघ ओढली. त्या घरचा जावई म्हणाला, बेकार दिसते. मी रेघेचा रंग तेवढा फिका केला आणि असाच छापतो म्हणून सांगितलं.

उद्या फ्रेम आणतो म्हणून टॅबलेट मागितला, तर ती देईना. मांडीवर धरून बघत बसली. मला अजून दोन गावं करायची होती, नुसता चडफडत होतो. तेवढ्यात काच काळी पडली.

“गेला काय, बापू?”

मी घाईनं काचेवर दोनदा बोट टेकवलं. तो परत आला. मग गावं राहिली बाजूला. तिचं बघून होईपर्यंत मी तिथेच बसलो, आणि काच मंद व्हायला लागली की बोट लावत राहिलो.