दोन फाटकांचा रस्ता

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या गल्लीत कुजबूज अशी होती, की मल्हाररावांच्या सोयराबाई पहाटे नर्सरीवाल्या गुंडूच्या जीपमध्ये बसून कुठंतरी जातात आणि ऊन चढायच्या आत परत येतात. जाताना अंबाडा चापूनचोपून, येताना केस विस्कटलेले आणि पदर धुळीनं भरलेला. एवढी भाजी चिरून मिळाल्यावर गल्लीनं फोडणी कशी दिली असेल, ते सांगायला नकोच. बाईंची साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, हे कुणी मनावर घेतलं नाही. उलट त्यानं चव वाढली. त्यात गुंडू विधुर. मिशी पिळदार, आवाज दणदणीत, आणि रोप घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ‘अक्का’ म्हणत एक जास्वंद फुकट द्यायची खोड.

मल्हाररावांच्या कानात हे ओतलं भीमाचार्यांनी. पंचांग सांगणं हा आचार्यांचा धंदा, आणि न विचारलेलं सांगणं हा छंद. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात दोघं उभ्यानं कॉफी पीत होते.

“मल्हारराव, पहाटे तुम्ही स्वल्प गाढच झोपता का हो?”

“का?”

“सहज. झोप चांगली. काही गोष्टी माणसानं झोपेतच घालवाव्यात.”

“आचार्य, सरळ बोला.”

आचार्य सरळ बोलले. मल्हाररावांच्या हातातला पेला हातातच राहिला आणि कॉफीवर साय धरली. भल्या सकाळी डोक्यावर नारळ पडावा तसा चेहरा झाला त्यांचा. सोयरा तर म्हणत होती, मल्लेश्वरमला मैत्रिणीबरोबर फिरायला जाते, डॉक्टरनं चालायला सांगितलंय!

आता दुसरा कुणी असता तर पेला आपटून घरी गेला असता आणि बायकोला उभं करून विचारलं असतं. मल्हारराव घरी गेले, पण गप्प राहिले. कारण विचारायला तोंड उघडावं, तर त्यांच्या स्वतःच्या पोटात एक गोष्ट लपलेली होती. आपलं झाकून दुसऱ्याचं कसं उघडायचं?

ती गोष्ट अशी. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मल्हाररावांनी एक चालतं घर घेतलं होतं. गाडीच्या मागं जोडायचं, दोन चाकांचं. आत पलंग, छोटी शेगडी आणि पडद्याआड कमोड. विकणारा त्याला कॅरॅव्हॅन म्हणाला, गल्लीनं नाव ठेवलं ‘डबा’. तो कोपऱ्यावरच्या मोकळ्या साइटवर, म्हणजे रिकाम्या प्लॉटवर, उभा असायचा. साइटला दोन फाटकं. मल्हारराव एका फाटकातून आत शिरत, दुसऱ्यातून बाहेर पडत. कुठूनही फिरून आले की मिशीवर हात फिरवत उतरत आणि बघ्यांना सांगत, “हे सोपं काम नव्हे. हाताला सवय लागते.”

सवय होती ती पुढं जायची. डबा मागं घेणं त्यांना येत नव्हतं. अजिबात नाही. ज्यानं हे कधी केलं नाही, त्याला यातली गोम कळायची नाही. स्टिअरिंगचं चक्र डावीकडं फिरवावं तर डबा उजवीकडं पळतो. घाबरून आणखी फिरवावं तर गाडी आणि डबा अडकित्त्यासारखे मिटायला लागतात, मध्ये सुपारी आपली. एकदा रिकाम्या मैदानावर त्यांनी प्रयोग केला आणि डब्याचा कोपरा चेपला. घरी येऊन सांगितलं, गाय आडवी आली. सोयराबाईंनी चेपलेला पत्रा बघितला, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “बरीच मोठी गाय असंल.”

तरी झाकली मूठ तशीच राहिली असती. पण गंगव्वाअक्का मध्ये आली.

गंगव्वाअक्का ही सोयराबाईंची थोरली बहीण. निपाणीत एकटी. आई लवकर गेल्यावर हिनंच सोयराला वाढवलेलं. आता पाठीचा कणा झिजलेला, म्हणून तिला बंगळूरला आणायचं घाटत होतं, पण आणायचं कसं? तासभर बसलं की आडवं व्हावं लागे. जिने चढणं बंद, म्हणजे हॉटेलात मुक्काम बाद. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणायची, “त्यात आडवी घातलेली बाई उभी परत आलेली मी बघितली न्हाई.” मग गेल्या दसऱ्याला चार पाहुण्यांदेखत मल्हाररावांनी छाती काढून शब्द दिला : “अक्का, तुला बंगळूरला मी नेतो. चालत्या डब्यात माणूस बसवायचा नसतो, तर तू गाडीत बस. तास झाला की थांबवीन, डब्यात अंथरूण तयार. पाठ टेक, मग पुढं.” अक्कानं डोळे पुसले. सोयराबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं, की लग्नानंतर तसं बहुधा पहिल्यांदाच.

शब्द देऊन बसले आणि रात्री घाम फुटला. आता तासातासाला थांबायचं, आणि प्रत्येक ठिकाणी मागं न येता बाहेर पडायचं!

म्हणून त्यांनी रस्ता आखला तो असा. बंगळूर, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, बेळगाव, पुढं तवंदीचा घाट आणि निपाणी. हे कुणीही सांगेल. मल्हारराव शोधत होते ते पेट्रोलपंप, धाबे आणि देवळांपुढची पटांगणं. अट एकच : आत शिरायचं तोंड वेगळं, बाहेर पडायचं वेगळं. वर भाड्यानं राहणारी पुण्याची आसावरी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. ती म्हणाली, “काका, मॅपवर टाका ना, सगळं येतं.”

“तुझ्या मॅपला पंपाची फाटकं दिसतात का?”

“फाटकं कशाला हवीत?”

“वारा खेळता राहतो,” मल्हारराव म्हणाले आणि खाली उतरले.

शेवटी एका लग्नाचं निमित्त सांगून ते बसनं बेळगावपुढं तवंदीच्या घाटापर्यंत जाऊन आले. लग्न कुणाचंच नव्हतं. जाताना डावीकडची खिडकी धरली, येतानाही डावीकडचीच, आणि शेजारचा प्रवासी घोरत असताना हे काचेला नाक लावून फाटकं बघत होते. परत आले ते रस्ता तोंडपाठ करून. बायकोला सगळे थांबे म्हणून दाखवले. सोयराबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

“आणि दावणगेऱ्यात बेण्णे डोसा?”

“तिथं थांबत नाही.”

बाईंचा हात थांबला. बेण्णे डोशासाठी ज्यानं एकदा बस सोडली होती, तो माणूस दावणगेरे टाळतो?

“तब्येत बरी आहे ना?”

“लोणी जास्त असतं,” मल्हारराव म्हणाले. खरं तर त्या हॉटेलाला एकच फाटक होतं.

त्यानंतर लवकरच सोयराबाईंचं पहाटेचं फिरणं सुरू झालं, आणि मग भीमाचार्यांची कॉफी. निघायच्या दिवसापर्यंत मल्हारराव आतल्या आत जळत राहिले. गुंडू रस्त्यात भेटला, “नमस्कारा, अण्णा!” म्हणाला, तर हे तोंड फिरवून विजेच्या खांबाकडं बघत उभे.

निपाणीला दोघांचं जाणं अगदी आखल्याप्रमाणं झालं. एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. डबा हमरस्त्यावरच्या पंपावर सोडून मोकळी गाडी अक्काच्या बोळात नेली. शेजारणी रडल्या, अक्कानं घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. परतीच्या वाटेला मल्हारराव शीळ घालायला लागले होते.

हावेरी मागं पडली आणि अक्का मागच्या सीटवरून म्हणाली, “सोयरा, आता न्हाई गं बसवत.”

“पुढचा थांबा जवळच आहे, अक्का,” मल्हारराव म्हणाले.

“पाठ माझी हाय, मल्हारराव. थांबा तुमचा हाय.”

आरशात त्यांना तिचा चेहरा दिसला. राखेसारखा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आखलेला रस्ता सोडला आणि खालच्या रस्त्यावर उतरले. पुढं मैदान लागेल असं वाटलं. मैदान लागलं नाही, गाव लागलं. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला कालवा. वळण घेतलं आणि मल्हाररावांचा पाय ब्रेकवर गेला तो तिथंच चिकटला.

समोरून रथ येत होता.

जत्रेचा रथ. दोन मजली घराएवढा, लाकडी चाकं पुरुषभर उंच, कळसावर झेंडे, दोर ओढणारे शेकडो लोक, ढोल, आणि लोकांनी नैवेद्य म्हणून रथावर फेकलेली केळी आणि खारका. मल्हाररावांनी फाटकं बघितली होती, खड्डे बघितले होते, घाटाचा चढ बघितला होता. पंचांग तेवढं बघितलं नव्हतं. शेजारी भीमाचार्य असून!

एक उघडाबंब म्हातारा धावत आला. “अज्जा, गाडी मागं घ्या!”

“तुम्ही जरा थांबवा की,” मल्हाररावांचा आवाज चिरकला.

“थांबवतो. पण मागं कोण जाणार? रथ मागं जात नाही.”

आता आली का पंचाईत? रथ मागं जात नाही, आणि मल्हाररावही जात नाहीत. देव आणि भक्त समोरासमोर.

त्यांनी रिव्हर्स टाकला. पन्नास तोंडांनी हुकूम सुटले. एक म्हणतो डावीकडं, दुसरा म्हणतो सोडा, तिसरा नुसताच शिट्टी फुंकतो. डबा तिरका झाला. पुढं घेतला, परत मागं, जास्तच तिरका. मागचा दिवा भिंतीला लागून फुटला. चाक कालव्याच्या काठावर आलं आणि माती ढासळून पाण्यात पडल्याचा आवाज झाला. मागच्या सीटवर अक्का कण्हत होती. “मला हितंच उतरवा, मल्हारराव. रथापुढं मेले तर पुण्य तरी लागंल.”

चार पाहुण्यांदेखत दिलेला शब्द त्या काठावर एका चाकानं उभा होता.

“अहो,” सोयराबाई म्हणाल्या, “उतरा.”

“अं?”

“उतरा म्हणते ना. खाली उभे राहा आणि चाक कालव्याकडं आलं तर ओरडा. बाकी काही ओरडू नका.”

ते उतरले. का उतरले, त्यांनाही कळलं नाही. सोयराबाईंनी पदर खोचला, सीट पुढं ओढली आणि चक्र वरून धरायचं सोडून खालून धरलं; आता हात जिकडं, डबा तिकडं. आधी गाडी थोडी पुढं घेऊन डबा सरळ केला. मग तोंडातल्या तोंडात “स्वल्प, स्वल्प” म्हणत, बोटभर इकडं, बोटभर तिकडं करत मागं निघाल्या. डबा असा चालला, जसा काही दोरी लावलेला बैल. भिंत सुटली. काठ सुटला. वळणही आलं आणि गेलं. मल्हारराव तोंड उघडं टाकून शेजारून चालत होते. ओरडायचं काम दिलं होतं, पण ओरडायला जागाच मिळेना.

ढोल बंद झाले होते. शेकडो माणसं दोर हातात धरून एका म्हातारीचं रिव्हर्स बघत होती. मग कुणीतरी आरोळी ठोकली आणि एक केळं येऊन डब्यावर आपटलं. पाठोपाठ दुसरं. रथावर टाकायची केळी लोक डब्यावर टाकायला लागले! खारकांचा मारा सोसत सोयराबाईंनी डबा तिठ्यावर नेला आणि एका चिंचेखालच्या मोकळ्या जागेत उभा केला. रथ वाजतगाजत पुढं गेला.

अक्काला डब्यात आडवी केली. पाठ टेकल्यावर तिनं लांब श्वास सोडला, तोंडावर रंग आला, आणि पहिलं वाक्य निघालं : “मल्हारराव, सोयरा सांगायची, तुम्ही म्हणता हाताला सवय लागते. लागलीय की. तिच्या.”

मल्हारराव पायरीवर बसले.

“सोयरा, हे कुठं शिकलीस?”

“गुंडूकडं. गाडी येतच होती मला, पण तो रोपांची ट्रॉली जीपला जोडून ओढतो ना, ती मागं घ्यायला शिकले. शहराबाहेर नवीन लेआउट पडलेत, घरं अजून उठली नाहीत, पहाटे रस्ते मोकळे असतात. पहिले काही दिवस तर मी ट्रॉली खड्ड्यातच घातली. धूळ खाल्ली नुसती.”

“पण मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सांगितलंत?”

डब्यावरून एक केळं घसरून पायरीवर पडलं. मल्हाररावांनी ते उचललं, सोललं, अर्धं बायकोला दिलं.

“लोक काय बोलतात, माहीत आहे तुला?”

“भीमाचार्यांनी मलाही सांगितलं. मी म्हटलं, सरी, ठीक आहे.”

“सरी? एवढंच?”

“मग काय, तुम्हाला मागं घेता येत नाही म्हणून गल्लीत सांगत फिरू?”

पुढं गाडी सोयराबाईंनीच चालवली. दावणगेऱ्याला त्या एकाच फाटकाच्या हॉटेलात डबा उभा करून तिघांनी बेण्णे डोसा खाल्ला. गंगव्वाअक्का बंगळूरला पोचली आणि अजून त्यांच्याकडंच आहे. गल्लीत गुंडूचं नाव कधीमधी निघतंच, म्हणून सांगायचं.

सोयराबाई पहाटे गुंडूच्या जीपमधून जात होत्या, ते ट्रेलर मागं घ्यायला शिकण्यासाठी. मल्हाररावांना ते येत नव्हतं.