एक किलो चारशे ग्रॅमची बॅटरी

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या, मध्ये हसलात तर मी सांगायची थांबेन. कारण माझं म्हणणं अजूनही तेच आहे, की यात माझी चूक नव्हती. म्हणजे होती. पण एवढी नव्हती!

तर आमच्या पप्पांची एक मोटरसायकल आहे. जुनी म्हणजे माझ्यापेक्षा जुनी. काळी टाकी, बाजूला चंदेरी पट्टा, आणि आवाज असा की पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत पप्पा वळले की तिसऱ्या मजल्यावर आईला कळतं, चहा टाकायचा. चाकणला कंपनीत पहिल्या दिवशी ते याच गाडीवरून गेले होते. पुढे कंपनीची बस आली, गाडी संध्याकाळच्या फेरीपुरती राहिली. पण पप्पांनी कधीच ठरवून टाकलं होतं, शेवटच्या दिवशी गेटमधून बाहेर पडणार ते याच गाडीवरून. बस नको, कंपनीची कार नको.

पप्पा क्वालिटीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेतलेला माणूस! घरीसुद्धा पोळी वाकडी आली की "रिजेक्ट" म्हणून बाजूला ठेवतात. पण मग तीच खातात.

आणि शेवटचा दिवस होता शुक्रवारी. मी सांगतेय ती गोष्ट गुरुवारची.

पप्पा पहिल्या शिफ्टला गेलेले, आई भिशीला. मी घरून काम करते, दुपारी जरा वेळ होता. म्हटलं, गाडी पुसून चकाचक करून ठेवू, पप्पांना आश्चर्याचा धक्का. पुसली. हौस म्हणून चावी फिरवली. चावी फिरवली की पुढच्या दिव्याच्या डोक्यावर एक छोटा लाल दिवा लागतो.

लागला नाही.

हॉर्न दाबला. गप्प.

इथे एक सांगते. मी जरा घाबरट आहे. कुकरची तिसरी शिट्टी होणार हे माहीत असूनही मी तिसऱ्या शिट्टीला दचकते. शेजारच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक स्कूटर पेटली, तेव्हापासून तर मी घरात नियमच करून टाकलेत. टीव्हीची पिन काढा, मिक्सरची काढा, चार्जर भिंतीत ठेवू नका. पप्पांनाही तेव्हा मी बरंच काय काय सुनावलं होतं. ते "बरं" म्हणाले होते. पप्पांचं "बरं" म्हणजे "नाही", हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

तर लाल दिवा लागला नाही. उद्या गेटवर सगळी कंपनी उभी, पप्पांच्या गळ्यात हार, आणि गाडी बंद? या गाडीला बॅटरीशिवाय किकही लागत नाही, एवढं मला माहीत होतं. बॅटरी गेली! दुसरं काय?

बाजूचं झाकण उघडलं. आत बॅटरीची एक वायर आधीच सुटून लोंबत होती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी म्हटलं, बघा! इतकी सडलीय की वायरसुद्धा गळून पडली. उरलेली वायर मी सोडवली, बॅटरी पिशवीत घातली, आणि स्कूटीवरून थेट डांगे चौक.

दुकानात गर्दी. मी म्हटलं, "जुनी मोटरसायकल आहे, सहा व्होल्टची बॅटरी हवीय."

दुकानदाराने माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. "दादा नाही का आले संगं?"

बघा! म्हणजे बॅटरी घ्यायलाही दादा लागतो! मला दादा नाहीच आहे, तर मी काय आयुष्यभर अंधारात बसायचं?

"मीच आलेय," मी म्हटलं. "सहा व्होल्ट. जुनी देऊन नवी घ्यायचीय."

"बरं ताई. जुनी द्या, काट्यावर ठेवतो."

त्याने पिशवीतून बॅटरी काढली. हातात तोलली. माझ्याकडे बघितलं. काट्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. मग शेजारी उभ्या असलेल्या, कुठल्याशा कंपनीच्या गणवेशातल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली. त्यानेही तोलली आणि म्हणाला, "हलकीय राव."

"ताई," दुकानदार म्हणाला, "ह्यातला माल कुठंय?"

"कुठला माल?"

"शिसं. एवढी बॅटरी म्हणजे तीन किलो तर पाहिजेच. ही दीडसुद्धा भरत नाही. लोक काय करतात, आतलं शिसं काढून विकतात, आणि रिकामं खोकं आम्हाला आणून देतात."

"मी लोक आहे?"

"तसं नाही म्हणलं..."

"मी चोर आहे? माझे वडील इतकी वर्षं क्वालिटीत आहेत! आमच्या घरात वाकडी पोळी चालत नाही, आणि तुम्ही मला शिसंचोर म्हणता? तुमचा काटाच खोटा असेल!"

"कशामुळं ओरडायलात ताई? नवी पाहिजे तर देतो की. ही तेवढी घरी घेऊन जा."

"नकोय मला तुमची नवी! आधी वजन सिद्ध करून दाखवते, मग बोला!"

आणि मी बॅटरी उचलून तरातरा बाहेर पडले. नवी बॅटरी घ्यायला आले होते, ती मिळत होती, आणि ती न घेताच मी निघाले, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. अब्रूपुढे बॅटरी काय?

कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांच्यापुढे इलेक्ट्रॉनिक काटा.

"मावशी, एवढं वजन करून द्या."

"ह्ये काय गं बया? ह्याची भाजी करत्यात का?"

"मावशी, अब्रूचा प्रश्न आहे."

मावशींनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि बॅटरी ठेवली. एक किलो चारशे.

"काटा बरोबर आहे ना तुमचा?" मी विचारलं. चुकीच्या बाईला चुकीचा प्रश्न!

"माझा काटा?" मावशी ताठ झाल्या. "परवाच नवी बॅटरी टाकलीय त्यात! म्या कुणाला एक मिरची कमी दिली न्हाई आजवर. कोथमीर घ्यायची तर घे, न्हायतर उचल ह्ये तुझं वांगं!"

कोथिंबीर घेतली. करते काय?

आता दोन काटे खोटे असू शकत नाहीत. म्हणजे शिसं खरंच गेलं होतं. मग काढलं कोणी? आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या गाडीला पप्पांशिवाय एकच माणूस हात लावतो. रामभाऊ मिस्त्री!

रामभाऊकाका डांगे चौकाजवळच्या थेरगावचे, जुन्या गावातले. शेत गेलं, तिथे इमारती उभ्या राहिल्या, भाडी येतात, तरी माणूस सकाळी नऊला गॅरेज उघडून तेलात हात घालतो. पप्पा त्यांच्याकडे गाडी अशी सोपवतात जशी लोक पोर पाळणाघरात सोपवतात. आणि त्या माणसाने हे करावं? माझा संताप संताप झाला. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, कुणाशी बोलताय?" म्हणजे मी मोठ्याने बोलत होते.

गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. मी बॅटरी त्यांच्या मधोमध आपटली. आपटल्याच्या आवाजाने मीच दचकले, पण चेहरा तसाच ठेवला.

"काका, यातलं शिसं कुठंय?"

रामभाऊकाका एका चाकापुढे उकिडवे बसले होते. त्यांनी फडक्याला हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, बॅटरीकडे बघितलं.

"काढलं."

"काय?"

"काढलं की शिसं. मीच काढलं."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, मग मी वजनाचा पुरावा देईन. सरळ कबुली! बाकावरची माणसं सावरून बसली. एकाने मोबाईल खिशात ठेवला.

"आणि हे तुम्ही तोंडावर सांगता? पप्पा तुम्हाला भाऊ मानतात! दिवाळीला पहिला डबा तुमच्याकडे येतो! आणि तुम्ही त्यांच्या बॅटरीतलं..."

"आगं, इकडं ये," काका म्हणाले. "बस. पानी पी."

"नकोय मला पाणी!"

त्यांनी एक चपटा पाना घेतला आणि बॅटरीचं वरचं झाकण अलगद उचललं. ते डब्याच्या झाकणासारखं निघालं. आत सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलेली एक छोटीशी बॅटरी. एखादं तान्हं बाळ निजवलेलं असावं तशी.

"ह्ये काळं खोकं जुनं हाय, गाडीसंगं आलेलं. आतला माल कवाच मेला. तुझा बाप म्हणला, रामभाऊ, खोकं टाकायचं न्हाई, आतून काय बी कर, भाईरून गाडी तशीच दिसली पायजे. मंग म्या शिसं काढलं आन् ही घातली. भाजीवालीच्या काट्यात असती ना, तीच."

मी कोथिंबिरीच्या पिशवीकडे बघितलं.

"पण ही बंद पडलीय," मी हळू आवाजात म्हटलं. "लाल दिवा लागत नाही."

काकांनी दोन वायरी लावलेला एक बल्ब घेतला आणि टेकवला. बल्ब भक्कन पेटला. मी अर्थातच दचकले.

"हिला काय धाड भरलीय? दिवा लागला न्हाई म्हंजी वायर सुटली असंल."

"सुटलीच होती काका. सडून गळून पडली होती. टोकाला चिकटपट्टी..."

बोलता बोलता माझा वेग कमी झाला.

"गळून पडलेली वायर," काका शांतपणे म्हणाले, "सोताच पट्टी गुंडाळून घेती व्हय?"

बाकावरचा एकजण खोकला. तो खोकला नव्हता.

"तुझा बाप रोज संध्याकाळी ती वायर काढतो. मधी माझ्याकडं आला, म्हणला, रोज पान्यानं काढून नट झिजला, हातानं निघंल आसं कायतरी बसव. म्या म्हणलं, येड्या, रोज कशापायी काढतो? तर म्हणला, पोरीला आगीचं भ्या वाटतं. ती म्हणली काढा, मंग काढायची. घरी बोलू नको म्हणला, उगा चेष्टा व्हती तिची."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने कुठे बघायचं?

म्हणजे ते "बरं" खरंच "बरं" होतं. नियम मी केलेला, पाळला त्यांनी, विसरले मी, आणि चोर ठरवलं रामभाऊकाकांना! मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे. ती कोथमीर ठिव हितं, घरी नेतो." येताना डांगे चौकातून तोंडाला ओढणी गुंडाळून, रस्त्याच्या पार पलीकडून आले.

बॅटरी बसवली, दोन्ही वायरी जोडल्या, लाल दिवा लागला. शुक्रवारी सकाळी पप्पा कडक इस्त्रीच्या शर्टात गाडीवर बसले, एका किकमध्ये निघाले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दुपारी मी आणि आई निरोप समारंभाला चाकणला गेलो. गेटजवळच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती, ऊन हे असं! टाकीला हात लावला तर चटका. माझ्या डोळ्यांपुढे ती स्कूटर आली. म्हटलं, भाषणं संपेपर्यंत तेवढी वायर काढून ठेवू. जाताना जोडू. काकांनी नट खरंच छान बसवलाय, दोन बोटांनी निघतो. चिकटपट्टी नव्हती, म्हणून वायरीच्या टोकाला केसांतलं रबर काढून गुंडाळलं. किती शहाणपणा!

मग भाषणं झाली. आई रडली, मी रडले, पप्पांचे साहेब रडले. शाल, श्रीफळ, सामोसे. ढोल-ताशा. सगळी कंपनी गेटवर. पप्पा हार घालून गाडीवर बसले, हात वर केला, आणि रुबाबात किक मारली.

काही नाही.

दुसरी. तिसरी. ढोलवाले थांबले.

"साहेब, बॅटरी गेली वाटतं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "बदलून टाका आता!"

"बॅटरी एकदम चांगली आहे हो!" मी ओरडले. कालपासून बॅटरीवरून इतकं ऐकून घेतलं होतं, राहवलंच नाही मला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पप्पांचीही. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, माझ्या मोकळ्या सुटलेल्या केसांकडे बघितलं. मग हार सावरत खाली उतरले, झाकण उघडलं, आणि आतून एक गुलाबी रबर काढून, कारखान्यात खराब नग धरतात तसं दोन बोटांत धरून, सगळ्यांदेखत उंच केलं.

"रिजेक्ट," पप्पा म्हणाले.

मग वायर जोडली, पहिल्या किकला गाडी सुरू केली, आणि मागच्या सीटवर थाप मारून मला म्हणाले, "बस."