मास्तरांची सोडणं

साऱ्या रत्नागिरीत लिग्निनवर जीव टाकणारा माणूस एकच, आणि तो माझ्या कुंपणापलीकडे राहतो. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. शाळेत ते रसायनशास्त्र शिकवायचे, तेव्हा घंटा झाली की मुलं तरी सुटायची. आम्हा शेजाऱ्यांना तीही सोय नाही. लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवतं ते लिग्निन, एवढं मला आता झोपेतही सांगता येतं. कागदाचे कारखाने ते जाळून टाकतात, याचं मास्तरांना घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख. "अहो, त्यातून व्हॅनिलाचा वास निघतो, डिंक निघतो, आणि तुम्ही जाळताय?" असं मलाच दरडावतात, जणू कारखाना माझा. एका लग्नात नवरदेवाचा हात हातात धरून त्यांनी मांडवाच्या बांबूतल्या लिग्निनचे गुण सांगितले. मागे आहेराची रांग पार फाटकापर्यंत गेली. एकदा सोडणं, म्हणजे नारळाची सालं, कॉस्टिक सोड्यात शिजवायला घरातला ॲल्युमिनियमचा कुकर घेतला. सोडा ॲल्युमिनियम खातो हे रसायनशास्त्राच्या मास्तरांच्या ध्यानात येऊ नये! "ह्यांनी माझा कुकर खाल्लानी!" असं काकू आळीभर सांगत होत्या.

आम्ही हसायचो, पण माणूस चिकाटीचा. परसातल्या एकाच माडाची सोडणं त्यांनी तीन वर्षं जमवली, कोवळ्या शहाळ्यापासून जून नारळापर्यंत, वयाप्रमाणे वेगळ्या पोत्यांत. कुठल्या सोडणातल्या लिग्निनचा डिंक जास्त चिकट, ते पडताळायचं होतं. चिपळूणकडे प्लायवूडचा कारखाना काढलेला त्यांचा जुना विद्यार्थी ते बघायला येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून "दाखवा" म्हणालं होतं. मास्तरांनी नवा सदरा शिवायला टाकला.

तेवढ्यात काकूंच्या मोतीबिंदूसाठी त्यांना आठ दिवस मुंबईला लेकीकडे जावं लागलं. पोती ठेवलेल्या पडवीची किल्ली माझ्याकडे. त्याच आठवड्यात पुतणीच्या लग्नाला माझ्या घरी पंधरा माणसं. कोकणातल्या माणसाला सुकं सोडण दिसलं की हात आपसूक न्हाणीच्या चुलवणाकडे जातो. पोत्यांवर चिठ्ठ्या होत्या. मी त्या वाचल्यासुद्धा नाहीत, सोडणं सरळ चुलवणात घातली. नंतर आपल्या माडांची सोडणं भरून ठेवू, असा माझा हिशेब. चार दिवस पाहुणे कढत पाण्याने आंघोळी करून खूश.

मास्तर आले, रिकामी पोती बघून पायरीवर बसले. "मी माझी आणून देतो," मी म्हटलं. ते म्हणाले, "पाणी तरी चांगलं तापलं ना?" त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विद्यार्थी आला तेव्हा "अजून तयार नाही रे" एवढंच बोलले, माझं नावसुद्धा काढलं नाही. तो कोकम सरबत प्यायला, पाया पडला आणि गेला. पुन्हा आला नाही.

पूर्वी मास्तर दिसले की मी मागच्या दाराने सटकायचो. आता ते कुंपणाशी येतात, आंब्याला मोहोर कसा आहे विचारतात आणि घरात जातात. लिग्निनचं अवाक्षर नाही. त्यांचं ते पुराण ऐकायला मी कधी तरसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

परवा मीच म्हटलं, "मास्तर, पुन्हा जमवूया. सोडणं मी गोळा करतो, चिठ्ठ्याही मीच लिहितो. तीन वर्षांचा तर प्रश्न!"

मास्तर हसले. ऐंशीला टेकलेत आता.

"सोडणं मिळतील हो," म्हणाले, "तीन वर्षं कुठून आणायची?"