एकनळी

नवरा गेल्यावर डोंगराकडचं भाताचं शेत मी सोडून द्यावं, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. धसई गावाच्या पुढे, रानाला लागूनच ते शेत आहे. दाणा भरला की दिवेलागणीला रानडुकरं उतरतात, आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. नवरा बंदूक घेऊन राखण करायचा. शेजारचा तुकडा धाकट्या दिरांचा. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं शेत मी करतो. डुकरापुढं बाईमाणसाचं काम नाय."

मी हट्टाला पेटले. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना माझ्या नावावर काढला. चौकशीला आलेल्या पोलिसापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाने विचारलं, चालवणार कोण? मीच, असं सांगून सांगून तोंड दुखलं. नवऱ्याची ठासणीची बंदूक मला नको होती. दारू ठासून होईपर्यंत डुक्कर थोडंच थांबतं?

कल्याणच्या बंदुकांच्या दुकानात दीर सोबत आले. दुकानदार त्यांच्याशीच बोलत होता. त्यांनी जाडजूड दुनळी पसंत केली. मी पदर कमरेला खोचला आणि ती हातात घेतली. खांद्याला लावताच नळी खाली झुकली. दीर हसले. मला संताप आला. जी मला पेलत नाही ती माझ्यासाठी पसंत करायची?

"हलकी दाखवा," मी म्हटलं.

त्याने आखूड दस्त्याची एकनळी काढली. ती खांद्यात नीट बसली. मी तशीच धरून उभी राहिले, आणि नळी हलली नाही.

"ताई, हिला एकच बार," दुकानदार पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"मला मारायचं नाय, हाकलायचंय. आवाज पुरे."

त्या हंगामात पहिला बार हवेत काढला तेव्हा दस्त्याच्या धक्क्याने खांदा काळानिळा झाला. घरी कुणाला सांगितलं नाही. डुकरं मात्र पळाली, ती थेट दिरांच्या शेतात.

सकाळी ते दारात आले. "वहिनी, दोन दिस बंदूक द्या."

"परवाना माझ्या नावावर हाय, भाऊजी. बंदूक नाय देणार. मला बोलवा."

संध्याकाळी ते बोलवायला आले. मी बंदूक घेऊन पुढे चालले, ते बॅटरी धरून मागे. बार निघाला, डुकरं रानात घुसली. परतताना बांधावर ते थांबले.

"उद्यापण याल ना?"

"येईन की. शेत माझंय, मी इथंच असणार."